एरंडेलाचा वास आणि पेन्सिलीचा हिशेब

ब्रिटनमधील एखाद्या जुन्या स्पीडवेप्रेमीच्या घरचा माळा उघडला, तर धूळ खात पडलेल्या पेट्यांमध्ये हमखास सापडतात त्या पातळ, पिवळ्या पडलेल्या कार्यक्रमपत्रिका. आत प्रत्येक शर्यतीसाठी छापलेले रकाने असतात आणि ते प्रेक्षकाने स्वतःच्या हाताने, पेन्सिलीने भरलेले असतात. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य. कोणाचे यंत्र मध्येच बंद पडले, कोण घसरला, पंचांनी कोणाला बाद ठरविले, सारे खुणांनी टिपलेले. शेवटच्या पानावर बेरीज. रोजमेळाची शिस्त ज्यांच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे, त्यांना या पत्रिका पाहून परकेपणा वाटणार नाही. दिवसाचा हिशेब मिटविल्याखेरीज उठायचे नाही, हा दंडक त्या मैदानावरील आजीबाईंपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळेच पाळत.

खेळ पाहू जाता अगदी साधा. अंडाकृती धावपट्टीवर चार मोटारसायकली, डावीकडे वळत चार फेऱ्या, जेमतेम एका मिनिटाचा मामला. ५०० सीसीचे इंजिन, एकच गिअर, आणि ब्रेक मुळीच नाही. वळणावर वेग कमी करावयाचा नसतो. मागचे चाक मुद्दाम बाहेर घसरू द्यायचे, पुढचे चाक उलट दिशेला वळवायचे आणि पोलादी तळव्याचा डावा बूट मातीवर टेकवून तोल सांभाळायचा. चौघे एकदम पहिल्या वळणावर शिरले की मातीचा फवारा कठड्यापलीकडच्या प्रेक्षकांच्या तोंडावर येई. तो चुकविण्याऐवजी बरेच जण मुद्दाम तेथेच उभे राहत.

आणि तो वास! या यंत्रांत एरंडीच्या बियांपासून काढलेले वंगण वापरीत. एरंडीच्या उत्पादनात आजही भारत जगात पहिला आहे. आपल्याकडे ज्या तेलाचे नाव निघताच मुले तोंड वाकडे करतात, त्याच तेलाच्या जळक्या, गोडसर वासाने तिकडच्या म्हाताऱ्यांचे डोळे पाणावतात.

हा खेळ इंग्लंडात आला तो ऑस्ट्रेलियातून. तेथे न्यू साउथ वेल्समधील वेस्ट मेटलंड या गावच्या जत्रेत १९२३ च्या डिसेंबरात जॉनी हॉस्किन्स या न्यूझीलंडच्या उद्योगी गृहस्थाने अशा शर्यती भरविल्या. खेळाचा जनक कोण, यावर इतिहासकार अजून भांडतात. पण त्याचा व्यापार करावा कसा, हे हॉस्किन्सने दाखविले यात वाद नाही. १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळच्या एपिंगच्या अरण्यात, हाय बीच येथील ‘किंग्ज ओक’ या मद्यगृहामागच्या पट्टीवर एका स्थानिक मोटारसायकल मंडळाने शर्यती ठेवल्या. संयोजकांची अपेक्षा काही हजारांची होती. आली ती एवढी गर्दी की दोरखंडांना कोणी जुमानेना. माणसे धावपट्टीच्या आतल्या अंगालाही उभी राहिली. गर्दीचे अंदाज निरनिराळे आहेत, त्यांतला मोठा तीस हजारांचा. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, उत्तरेत व दक्षिणेत संघांच्या दोन स्वतंत्र साखळी स्पर्धा सुरू झाल्या होत्या. एवढ्या झपाट्याने वाढलेला धंदा कोणत्याही बाजारपेठेत क्वचितच दिसतो.

आरंभी या पट्टीवर स्त्रियाही उतरत. आयर्लंडची फे टेलर पुरुषांना मागे टाकी आणि लोक तिच्या नावावर तिकिटे काढीत. १९३० मध्ये वेम्बलीवर एका महिलेला अपघात झाला आणि संचालकांनी सर्व स्त्रियांना बंदी केली. पुरुषांचे अपघात त्याआधीही होत होते व नंतरही झाले, त्यांच्यावर मात्र बंदी आली नाही.

लंडनचा सुवर्णकाळ आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. आपल्याकडे तालुक्यातील आठवडे बाजारांचे वार जसे ठरलेले, तसे तेथे मैदानांचे वार ठरलेले असत: सोमवारी विम्बल्डन, मंगळवारी वेस्ट हॅम, बुधवारी न्यू क्रॉस, गुरुवारी वेम्बली, शुक्रवारी हॅरिंगे. मँचेस्टरला बेल व्ह्यूच्या हाइड रोड मैदानावर शनिवार. तेथे तर युद्धाच्या काळातही दरवर्षी शर्यती चालू राहिल्या होत्या. आई, वडील, मुले, आजी असे सबंध कुटुंब संघाच्या रंगाचे गळपट्टे घालून, हातात खुळखुळे घेऊन निघे. १९४९ साली वेम्बलीच्या जागतिक अंतिम फेरीला नव्वद हजारांहून अधिक लोक जमले आणि वेम्बलीचाच टॉमी प्राइस जगज्जेता झाला. हा मान मिळविणारा तो पहिला इंग्रज.

यातले स्वार म्हणजे एका अर्थाने छोटे दुकानदारच. यंत्र बहुधा स्वतःचे, सुट्या भागांचा खर्च स्वतःचा. उत्पन्न मात्र शर्यतीत उतरण्यागणिक आणि मिळविलेल्या गुणागणिक. इंजिन बिघडले तर त्या संध्याकाळची कमाई बुडाली. इंजिने बहुतेक सगळ्यांची एकाच कारखान्याची, लंडनच्या टॉटनहॅममधील जे. ए. प्रेस्टविच यांची असत. म्हणून फरक पडे तो हाताचा आणि तोलाचा.

तो तोल सर्वांत सुंदर दिसला तो लिव्हरपूलच्या पीटर क्रेव्हनमध्ये. चणीने लहानखुरा, स्वभावाने सौम्य, बेल व्ह्यूचा लाडका. तो १९५५ व १९६२ असा दोनदा जगज्जेता झाला. २० सप्टेंबर १९६३ रोजी एडिंबरोच्या मेडोबँक मैदानावर त्याच्या पुढचा प्रतिस्पर्धी पडला. ब्रेक नसलेल्या यंत्रावर निर्णयाला क्षणभराचाच अवधी असतो. क्रेव्हनने यंत्र बाजूला वळविले आणि तो कठड्यावर जाऊन आदळला. पडलेला माणूस वाचला. चार दिवसांनी क्रेव्हन गेला, तेव्हा तो २९ वर्षांचा होता. मँचेस्टरमधील जुन्या प्रेक्षकांपुढे आजही त्याचे नाव घेतले की क्षणभर कोणी बोलत नाही.

ओहोटी मात्र त्याआधीच लागली होती. फुटबॉल, क्रिकेट यांना करमणूक करात सवलत मिळाली, स्पीडवेला ती मिळाली नाही. यंत्रांची शर्यत म्हणून त्यावर चढा दर कायम राहिला. गल्ला भरलेला दिसे, पण त्यातला मोठा वाटा सरकारजमा होई. त्यात घरोघरी दूरदर्शन संच येऊ लागले. १९५३ चा हंगाम अर्ध्यावर असतानाच न्यू क्रॉस बंद पडले, १९५४ नंतर हॅरिंगे, १९५५ नंतर वेस्ट हॅम. वेम्बलीचा संघ ज्यांच्या पाठबळावर उभा होता ते सर आर्थर एल्विन १९५७ च्या आरंभी वारले आणि १९५६ चा हंगाम हाच तूर्त तेथला शेवटचा ठरला. त्याच १९५७ मध्ये खेळांवरील कर उठविण्यात आला. आजारी माणसाला औषध पोहोचावे आणि त्याच दिवशी घरातून तिरडी निघावी, तसेच काहीसे झाले.

तरीही खेळ मेला नाही. १९६० मध्ये काही धाडसी संचालकांनी लहान गावांतून कमी खर्चाची स्पर्धा सुरू केली आणि १९६५ मध्ये १८ संघांची ‘ब्रिटिश लीग’ उभी राहिली. न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर सहा वेळा जगज्जेता झाला, तो ब्रिटनमधील याच मैदानांवर घासून निघालेला. १९८१ मध्ये वेम्बलीवर शेवटची जागतिक अंतिम फेरी झाली. मैदान भरलेले होते.

पुढे या खेळाला मारले ते जमिनीने. कर किंवा प्रतिस्पर्धी यांच्याशी झगडता येते; पायाखालची जागाच जेव्हा गल्ल्यापेक्षा कित्येक पटींनी मौल्यवान होते, तेव्हा संचालकाचे काही चालत नाही. बहुतेक संघ मैदानाचे भाडेकरू होते, मालक नव्हते. आठवड्यातून एक संध्याकाळ गजबजणारी जागा मालकाला परवडेनाशी झाली. हॅरिंगेच्या जागी आज मोठे किराणा दुकान आहे. न्यू क्रॉसच्या जागी बाग आहे. हाइड रोडचे मैदान १९८७ मध्ये विकले गेले आणि तेथे मोटारींच्या लिलावाचे आवार झाले. विम्बल्डनच्या पट्टीवर फुटबॉलचे नवे मैदान उभे आहे. मँचेस्टरला २०१६ मध्ये खास स्पीडवेसाठी नवे राष्ट्रीय मैदान बांधले गेले, आणि २०२१ मध्ये त्याच मैदानावर ब्रिटनने जागतिक सांघिक अजिंक्यपद मिळविले. १९८९ नंतर प्रथमच. मात्र लंडनच्या आठवड्यात आता स्पीडवेचा एकही वार उरलेला नाही.

हाय बीचला त्या मद्यगृहामागे आज अरण्याचा अभ्यास करणाऱ्यांचे केंद्र आहे. शाळांची मुले तेथे पाने गोळा करावयास येतात.

वेस्ट हॅमचे मैदान १९७२ मध्ये पाडले आणि त्या जागी घरे बांधली. वसाहतीतल्या गल्ल्यांना नावे द्यावयाची वेळ आली तेव्हा कोणा जाणत्याने त्या मैदानावरच्या माणसांचीच नावे दिली. तेथे विल्किन्सन रोड आहे, तो १९३८ चा जगज्जेता ब्लूई विल्किन्सन याच्या नावाचा. क्रूम्ब्ज रोड आहे, ॲटकिन्सन रोड आहे. आणि एका आखूड, पुढे बंद होणाऱ्या गल्लीच्या पाटीवर लिहिले आहे: हॉस्किन्स क्लोज.