आंधळी कोळंबी आणि पहारेकरी मासा

लिंबागणेशच्या एका भगिनींनी विचारले आहे, "मुलाला समुद्री माशांची काचपेटी हवी आहे, आणि तीत एक मासा व एक कोळंबी अशी जोडी. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हा हट्ट पुरवावा का?"

मुलाची निवड चांगली आहे, हे आधी सांगितले पाहिजे. मासा गोबी जातीचा. नाव ऐकून भाजी आठवू नये. कोकणात चिखलावर उड्या मारणारी निवटी याच्याच गोतावळ्यातली. कोळंबीची नजर अगदी अधू, पण मोठी कामसू. ती दिवसभर वाळू उपसून बीळ खणते आणि मासा दारात पहारा करतो. बाहेर आली की तिची एक मिशी माशाच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसताच तो शेपटी थरथरवतो; त्यासरशी ती आत, आणि वेळ आलीच तर मागोमाग तोही. एका खोलीत दोन बिऱ्हाडे आणि भांडण नाही! चाळकऱ्यांनी मुद्दाम पाहावे.

कोळंबीचा एक नांगा मोठा असतो. तो ती इतक्या झपाट्याने मिटते की पाण्यात बुडबुडा होऊन फुटतो. 'टक्' हा आवाज त्या बुडबुड्याचा, हे २००० साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. रात्री तो ऐकून काच तडकली म्हणून उठू नये.

या जोडीला प्रवाळ लागत नाही. ते बरेच, कारण आपल्याकडे प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. चार बोटे वाळू, तीत शिंपल्यांचे तुकडे व बारीक खडे एवढे पुरे. मोठे दगड आधी तळाच्या काचेवर टेकवावेत, मग वाळू घालावी. नाहीतर खणताना दगड कोसळून दोघेही चिरडतात. वर जाळी हवीच, मासा उडी मारतो.

१९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा समुद्र त्याच्या दारातच होता. लिंबागणेशला तो पिशवीतून आणावा लागणार. शंभर लिटर पाण्यात सुमारे साडेतीन किलो मीठ, तेही स्वयंपाकाचे नव्हे, खास मिश्रण. बोअरचे पाणी चालत नाही. शुद्धीकरणाचे यंत्र एक घागर देताना दोन-तीन घागरी सांडते. ते पाणी फरशीला वापरता येईल. उन्हात पाणी उडते, मीठ मागे उरते, म्हणून रोज गोडेच पाणी घालावे. पेटीचे पाणी २४ ते २७ अंशांवर राखायचे, आणि वीज गेली तर हवेचा पंप बॅटरीवर चालला पाहिजे.

दिवाळीत विहिरींना पाणी असते, त्यामुळे आत्ता सारे सोपे वाटेल. हिशेब मे महिन्याचा करावा. त्या महिन्यात घरात पिण्याचे पाणी मोजून वापरत असाल, तर माझे मत 'नको' असेच आहे.

पाण्याची सोय असेल, तर दुकानदाराकडे एकत्र राहत असलेलीच जोडी मागावी. वेगवेगळी आणलीत तर ओळख व्हायला कधी दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर मुलाने पेटीत हात घालू नये.