नोंद नसलेली धाव

धावण्याच्या खेळात अन्याय होत नाही, असं आपण समजतो. क्रिकेटमध्ये निवड समिती असते, 'याला का घेतलं आणि त्याला का नाही' यावर लोक तावातावाने भांडतात. धावण्यात कसली निवड? घड्याळ सांगेल ते खरं! पण मंडळी, ते घड्याळ कुणाच्या हातात असतं, हे मात्र आपण विचारत नाही.

सावलीसारख्या गावात राहिलं की हा प्रश्न पडतोच. आमच्याकडे धावणाऱ्यांचा तुटवडा नाही. पहाटे मूल-गडचिरोली रस्त्यावर या, पोरं धावताना दिसतील. पोरी जरा उजाडल्यावर निघतात, त्याही घोळक्याने, कारण या भागात वाघाची भीती नुसती सांगण्यापुरती नाही. यातलं कुणी ऑलिंपिकसाठी धावत नाही. सगळे पोलीस भरतीसाठी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत काढले की २० पैकी २० गुण. हा हिशोब इथल्या पोरांना पाढ्यासारखा पाठ असतो. भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघ नावाची एक संस्था देशात आहे, हे मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या कानावर गेलेलं असेल.

हा महासंघ १९४६ सालचा. देशात कुणी कुठल्या स्पर्धेत धावायचं, कुठली वेळ अधिकृत धरायची, बाहेर देशाच्या नावाने कुणाला पाठवायचं, हे तो ठरवतो. त्याच्याखाली राज्य संघटना, त्यांच्याखाली जिल्हा संघटना. तुम्ही कितीही जोरात धावा, या साखळीतल्या कुणी ते मोजलं नाही तर खेळाच्या दृष्टीने तुम्ही धावलातच नाही.

आता आपलेच धावपटू बघा. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला. बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचिनला राहून आला आणि धावण्याकडे खऱ्या अर्थाने वळला तो २०१५ च्या सुमारास, सैन्यातल्याच क्रॉस कंट्री स्पर्धांतून. तेव्हा तो विशीत होता. पुढे २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्य आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. हा हिरा सापडला कुणाला? सैन्याला. नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊतला घडवलं ते विजेंदर सिंग या प्रशिक्षकांनी. तिने २०१० साली राष्ट्रकुलमध्ये १०,००० मीटरचं कांस्य आणि ग्वांगझूला आशियाई रौप्य आणलं. महासंघाने यांना पाठवलं, शिबिरं दिली, हे मान्य. पण पहिल्यांदा हेरलं ते दुसऱ्याच कुणीतरी. आपला महासंघ निवडतो. शोधण्याचं काम बहुतेक वेळा सैन्य, रेल्वे किंवा एखादा वेडा मास्तर करतो.

बरं, निवडण्यात तरी सगळं घड्याळावर चालतं का? २०१७ साली भुवनेश्वरला केरळच्या पी. यू. चित्राने १५०० मीटरमध्ये आशियाई सुवर्ण जिंकलं. आशियाई विजेतीला लंडनच्या जागतिक स्पर्धेचं दार उघडं होतं, फक्त आपल्या महासंघाने नाव पाठवायला हवं होतं. वेळ जागतिक दर्जाची नाही म्हणून महासंघाने ते पाठवलं नाही. शेतमजुरांच्या घरातली ही मुलगी उच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने तिच्या बाजूने आदेश दिला. तोवर मुदत उलटून गेली होती आणि जागतिक संघटनेने नाव घ्यायला नकार दिला. महासंघाच्या म्हणण्यात तथ्य असेलही. ती लंडनला गेली असती तर बहुधा पहिल्याच फेरीत बाद झाली असती. पण जिंकलेली शर्यत मोजायची की नाही हे टेबलापलीकडच्या माणसाने ठरवलं, हे कसं विसरायचं?

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी नुसताच चिडचिड करणारा ठरेन. महासंघ १४ आणि १६ वर्षांखालच्या मुलांची आंतरजिल्हा राष्ट्रीय स्पर्धा घेतो. २०२४ साली अहमदाबादला सहाशेहून जास्त जिल्ह्यांतून पाच हजारांवर मुलं आली होती. कल्पना उत्तमच आहे. पण मुलं निवडायची कुणी? जिल्हा संघटनेने. निवड चाचणी अमुक रविवारी आहे, हा निरोप जिल्ह्याच्या गावातून जंगलाकाठच्या आश्रमशाळेपर्यंत पोचला तर ठीक. नाही पोचला तर तिथल्या मुलीसाठी ती स्पर्धा झालीच नाही.

सोयींचं रडगाणंही मी गाणार नाही. आमच्याच जिल्ह्यात बल्लारपूरजवळ विसापूरला सिंथेटिक ट्रॅक आहे. २०२३ च्या डिसेंबरात तिथे राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या, देशभरची मुलं तिथे धावून गेली. आणि इथल्या मुलांच्या दमाबद्दल कुणाला शंका असेल, तर २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टवर जाऊन आली, एवढंच आठवावं. दम आहे, ट्रॅक आहे. मधली कडी नाही.

आणि गंमत अशी की ती कडी अर्धी तयारच आहे! २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात १७ हजारांवर जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले होते. अलीकडे भरतीत धावणाऱ्याला चिप लावून वेळ घेतात. म्हणजे महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या लाखो तरुणांची १६०० आणि ८०० मीटरची वेळ, सेकंदांसकट, सरकारदरबारी नोंदलेली आहे. एवढी मोठी चाचणी कुठलाही महासंघ स्वतःच्या खर्चाने घेऊ शकणार नाही. भरती झाली की ते कागद कपाटात जातात. जागा भरतात, उरलेले घरी जातात.

५ मिनिटं १० सेकंद ही वेळ राष्ट्रीय दर्जाच्या आसपासही नाही, हे मला कळतं. पण डांबरी रस्त्यावर, साध्या बुटांत, कुणी न शिकवता एखादा पोरगा त्याहून वीस-पंचवीस सेकंद आधी येत असेल, तर कुणीतरी त्याचं नाव लिहून घ्यायला नको का? विशीत उशीर झाला म्हणाल, तर साबळेकडे बघा.

२०२५ साली संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. महासंघांच्या कार्यकारिणीत नामवंत खेळाडू हवेत, महिला हव्यात, असं त्यात आहे. चांगलंच आहे. पण अ‍ॅथलेटिक्स महासंघाच्या खुर्चीवर आधीही खेळाडू होतेच. आदिल सुमारीवाला मॉस्को ऑलिंपिकला धावलेले, त्यांच्यानंतर २०२५ मध्ये आलेले बहादूरसिंग सग्गू हे आशियाई सुवर्ण मिळवलेले गोळाफेकपटू. प्रश्न वरच्या खुर्चीचा नाही, खालच्या घड्याळाचा आहे. वर्षातून दोनदा प्रत्येक तालुक्यात एक जाहीर शर्यत, शाळेत आणि ग्रामपंचायतीत आधी लागलेली तारीख, अधिकृत वेळ, आणि निकाल सगळ्यांना दिसेल असा. भरतीतल्या पहिल्या काही जणांची नावं त्यांच्या संमतीने जिल्हा संघटनेकडे. याला काही फार पैसा लागत नाही.

असो. महासंघाचं मोजमाप आपण पदकांवरून करतो. मी म्हणतो, एकदा अंतरावरून करून बघा. सावलीच्या रस्त्यावर धावणाऱ्या पोरीपासून सगळ्यात जवळचं अधिकृत घड्याळ किती किलोमीटरवर आहे? आज ते भरतीच्या मैदानावर आहे. तिथेही तिची वेळ मोजतात ती फक्त गुण देण्यापुरती.