चान्यांची लाज कशासाठी?

उन्हाळा लागला की माढा तालुक्यात माळवदावर, पत्र्यावर, गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे वाळत पडतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असेच घालतात. चान्या मात्र घराच्या मागे, जुन्या लुगड्याच्या आडोशाला. आठवडी बाजारात सुकट-बोंबील घेताना कुणी इकडेतिकडे बघत नाही. गोव्यात डुकराच्या मांसाचे चोरीस पाहुण्याला कौतुकाने वाढतात. तेही मांस टिकवण्याचेच काम. मग मिठाचे मांस उन्हात वाळवले की आपल्याच बायकांनी का लपवावे?

ही लाज कुठून आली ते आपल्याला ठाऊक आहे. गावातले मेलेले जनावर ओढण्याचे काम आपल्या माथी मारले होते. मांस एकदम मिळायचे, मग पुढचे पंधरा दिवस काहीच नसायचे. म्हणून त्याच्या पट्ट्या करून वाळवाव्या लागत. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा असे निक्षून सांगितले आणि गावोगावच्या लोकांनी ते सोडले. तो स्वाभिमानाचा निर्णय होता. आम्ही परिचारिका म्हणून पुढे जाऊन म्हणतो, तो आरोग्याचाही होता. काळपुळीने मेलेल्या जनावराचे मांस कितीही वाळवा, त्या रोगाचे बीज मरत नाही. साध्या उकळण्यानेही त्याची खात्री देता येत नाही. मातीत तर ते कित्येक वर्षे टिकते. तेव्हा मेलेल्या किंवा आजारी जनावराचे मांस आजही नको म्हणजे नकोच.

पण सोडले ते मृतमांस आणि ती वेठ. मांस टिकवण्याची आपल्या आज्यांची विद्या सोडा असे कुणी सांगितले नव्हते. शेजारच्या मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाण्याची नोंद शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात केली, तेव्हा कुठे हे खाणे छापील पानावर आले. आमच्यासमोर तपासणीला आलेली गरोदर बाई आठवडाभरात काय खाल्ले ते सांगताना भाजी-भाकरी सांगते, डाळ सांगते, मांसाचे नाव घेत नाही. राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. पालेभाजीतल्या लोहापेक्षा मांसातले लोह शरीर लवकर घेते. अशा बाईने खाल्लेले चांगले अन्न लपवावे, हे आम्हाला सहन होत नाही.

घरात फ्रीज आला म्हणून प्रश्न मिटला असेही नाही. वीज चार तासांहून जास्त गेली की फ्रीजमधल्या कच्च्या मांसाचा भरवसा राहत नाही. वास आला नाही म्हणून ते चांगले, असे समजू नये. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेले मांस तासाभरातच बिघडू लागते.

२०१५ पासून राज्यात बैल कापायलाही बंदी आहे. तेव्हा मांस म्हशीचे किंवा शेळी-बोकडाचे, त्याच दिवशी कापलेले, खात्रीच्या दुकानातले घ्यावे. चरबी अजिबात ठेवू नये, ती खवट होते. बोटाच्या निम्म्या जाडीच्या लांब पट्ट्या कराव्यात आणि वाळवण्याआधी उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटे शिजू द्याव्यात. जुन्या बायका म्हणतील, याने चव जाते. थोडी जाते, खरे आहे. पण उन्हाने मांसातले पाणी आटते, सगळे जंतू मरत नाहीत. मग मीठ-हळद चोळून कडक उन्हात, वारा खेळेल असे दोरीवर घालावे. वरून पातळ स्वच्छ कापड हवेच, नाहीतर माशा अंडी घालतात. संध्याकाळी आत घ्यावे, दवात ठेवू नये. दोन-तीन दिवसांनी पट्टी वाकवली की कडकन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर अजून ऊन हवे. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. बुरशी दिसली तर सगळा डबा टाकून द्यावा, वरचे काढून खालचे खाऊ नये. पावसाळ्यात हा उद्योग करूच नये.

आता मिठाचे. किलोभर मांस वाळून पाव किलोच्या आसपास राहते, मीठ मात्र तेवढेच राहते. किलोला ३० ग्रॅम मीठ लावले असेल तर ५० ग्रॅम चान्यांतून ६ ग्रॅम मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभराचे मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. वस्तीत बीपीच्या गोळ्या चालू असलेली माणसे आता घराघरांत आहेत, त्यांनी चान्या रोजच्या कालवणाला धरू नयेत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच. इतरांनीही शिजवण्याआधी तासभर पाण्यात भिजवाव्यात, ते पाणी ओतून द्यावे आणि कालवणात वेगळे मीठ घालू नये. शिजवताना कुकरच्या चार शिट्ट्या तरी होऊ द्याव्यात. भाजून तशाच चघळायला लहान मुलांच्या हातात देऊ नयेत.