कॉर्व्हस (चॅफ रॉकेट प्रक्षेपक)

कॉर्व्हस हा ब्रिटिश शाही नौदलाच्या युद्धनौकांवरील आठ नळ्यांचा रॉकेट प्रक्षेपक होता. त्याची रॉकेटे हवेत फुटून चॅफचा, म्हणजे धातूचा मुलामा दिलेल्या बारीक तंतूंचा, ढग पसरवीत. तंतूंची लांबी शत्रूच्या रडारलहरींच्या तरंगलांबीच्या सुमारे निम्मी असे. त्यामुळे लहरी ढगावरून जोरकसपणे परावर्तित होत आणि क्षेपणास्त्राच्या रडारला तेथे नौका असल्याचा भास होई.

१९८२ च्या फॉकलंड युद्धात या साधनाचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही दिसून आल्या. ४ मे रोजी 'ग्लासगो' या विनाशिकेने अर्जेंटिनाच्या विमानांची चाहूल लागताच चॅफ सोडले. त्याच ताफ्यातील 'शेफिल्ड'वर धोका वेळेत ओळखला गेला नाही व चॅफही सुटले नाही; एक्झोसेट क्षेपणास्त्राच्या आघाताने तिच्यावरील २० जण मृत्युमुखी पडले. २५ मे रोजी युद्धनौकांनी चॅफ सोडून स्वतःचा बचाव केला. परंतु एक्झोसेट क्षेपणास्त्रे 'अटलांटिक कन्व्हेयर' या मालवाहू जहाजावर आदळली. या जहाजावर चॅफची सोय नव्हती. १२ जण दगावले आणि चिनूक हेलिकॉप्टरे जळाल्याने सैनिकांना बेटावर मोठी पायपीट करावी लागली.

चॅफ क्षेपणास्त्र नष्ट करीत नाही, केवळ त्याचा रोख बदलते. त्यामुळे एका नौकेचा बचाव शेजारच्या असुरक्षित जहाजाला संकटात टाकू शकतो. चॅफचे महत्त्व आजही टिकून आहे. भारतात जोधपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेने २०२१ मध्ये नौदलासाठी तीन पल्ल्यांची चॅफ रॉकेटे विकसित केली.