टोपाची रोवळी

माणसाला एखादे तरी वेड असावे, असे माझे मत आहे. आमच्या सौभाग्यवतींचे मत थोडे निराळे. ‘‘वेड असावे, पण कपाटात मावेल एवढेच!’’ असे त्या म्हणतात. माझे वेड कपाटात मावेनासे झाले, त्याला आता बरीच वर्षे झाली.

मी जमवतो जुने लोखंडी टोप. सैनिकांचे नव्हेत हं! दुसऱ्या महायुद्धात विमाने बाँब टाकीत, तेव्हा जर्मन शहरांतून वाळूच्या बादल्या आणि हातपंप घेऊन धावणाऱ्या साध्या माणसांचे. नोकरीपायी आम्ही हॅम्बुर्गला आलो आणि इथल्या रविवारच्या जुन्या बाजारात हे खूळ माझ्या डोक्यात शिरले.

1938 पासून निघालेला तो गडद निळा टोप मोठा ऐटबाज दिसतो. रोमन मल्लाच्या शिरस्त्राणासारखा. म्हणून शौकीन त्याला ‘ग्लॅडिएटर’ म्हणतात. काही टोप तर तीन तुकडे जोडून केलेले. कपाळावर पंख पसरलेले चिन्ह आणि त्यात नाझींचे स्वस्तिक. ते उघड मिरवणे आज इथे गुन्हा आहे. अभ्यासासाठी, संग्रहालयासाठी तेवढी सूट. म्हणून बाजारात त्यावर कागदाची चिकटपट्टी असते.

लबाडीही चालते. सैनिकी घाटाच्या नागरी टोपाला करडा रंग फासायचा आणि ‘लढाईतला’ म्हणून दामदुपटीने विकायचा! पण त्याच्या कडेच्या जरा वर सभोवार एक उठावाची रेघ असते. बोट फिरवले की चोरी सापडते. ही विद्या मला फसल्यावर आली, हे सांगायला नकोच.

एकदा शेजारच्या आजी आमच्याकडे कॉफीला आल्या. नव्वदीला टेकलेल्या. फळीवरचे टोप बघून गप्प झाल्या. मी आपला उत्साहाने सांगत सुटलो: 1933 साली सरकारने हवाई बचावाची संघटना काढली, 1935 च्या कायद्याने ते काम सक्तीचे झाले, वगैरे. आजी कॉफी अर्धी टाकून उठल्या. सौ.ने माझ्याकडे असे पाहिले की विचारू नका!

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. हातात एक टोप. रंग उडालेला, दोन बाजूंना कड्या बसवलेल्या आणि खिळ्याने शेकडो भोके पाडलेला.

‘‘बाबांचा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ते आमच्या इमारतीचे रक्षक होते. परदेशी रेडिओ कोण ऐकतो, याच्यावरही त्यांनी नजर ठेवायची असे. आईला ते आवडत नसे.’’

मग 27 जुलै 1943 ची रात्र. हवा कोरडी, उकाडा भयंकर. हजारो आगी मिळून एकच वादळ झाले. त्या आठवड्यातल्या हल्ल्यांत हॅम्बुर्गमध्ये तीस हजारांहून अधिक माणसे गेली. कितीतरी तळघरांतच गुदमरली.

‘‘आई मला घेऊन खेड्यावर गेली होती, म्हणून आम्ही वाचलो. बाबा वर आग विझवीत होते, म्हणून तेही वाचले. खाली जी माणसे होती, त्यांना ‘भोंगा होईपर्यंत हलू नका’ असे बाबांनीच सांगितले होते. त्यांना तसेच शिकवले होते.’’

युद्धानंतर घरात भांडे नव्हते. आईने टोपाला भोके पाडली आणि त्याची रोवळी केली. तेव्हा पुष्कळ घरांतून असेच झाले. ‘‘बाबा रोज त्यात निथळलेले बटाटे खात,’’ आजी म्हणाल्या. ‘‘एक शब्द कधी बोलले नाहीत.’’

मी किंमत विचारली नाही. त्यांनी एवढेच सांगितले, ‘‘याला रंग देऊ नका. आणि कोणी विचारले तर दोन्ही गोष्टी सांगा.’’

यंदा दिवाळीच्या आवराआवरीत सौ.ने माझे सारे टोप माळ्यावर टाकले. फळी रिकामी झाली, म्हणून मी कुरकुरत वर पाहिले, तर रोवळी तिथेच होती.

‘‘ही का ठेवलीस?’’

‘‘ती तुमच्या वेडातली नाही,’’ ती म्हणाली.