आमच्या हाताला गुण नाही!

(द्वितीय वर्ष कला)

रविवार हा माझ्या वर्गमैत्रिणींच्या लेखी सुट्टीचा दिवस. माझ्या लेखी तो कामाचा. पुणे-सोलापूर रस्त्यालगत आमचे गाव आहे. सोरतापवाडी, उरुळी कांचन या भागातून ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांना रस्त्याच्या कडेने पसरलेल्या रोपवाटिका आठवत असतील. अशाच एका रोपवाटिकेत माझी आई रोजंदारीवर पिशव्या भरते. माती, शेणखत आणि नारळाचा भुसा कालवायचा, काळ्या पिशवीत भरायचा, त्यात छाटाची काडी खोचायची, हे तिचे काम. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. फीचा थोडा भार उचलावा म्हणून दर रविवारी मी तेथेच गिऱ्हाइकांपुढे उभी राहते. म्हणजे आई रोपे वाढवते आणि मी ती विकते. रोपे पाहून माणसाला जो मोह होतो त्याविषयी चार शब्द लिहिण्याचा मला अधिकार असेलच, तर तो एवढाच.

आमच्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोडे लोक काय हवे ते ठरवून येतात. एक कुटुंब कढीपत्त्याचे रोप न्यायचे म्हणून गाडी थांबवते. अर्ध्या तासाने गाडीच्या डिकीत दोन गुलाब, एक जास्वंद आणि नाव न विचारताच घेतलेली रंगीत पानांची दोन रोपे असतात. कढीपत्ता मात्र राहून गेलेला असतो! हा विनोद नव्हे. माझ्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट आहे.

हॉकिन्स स्टर्न नावाच्या अभ्यासकाने १९६२ साली अशा आवेगाच्या खरेदीचे चार प्रकार सांगितले होते. एक, निव्वळ लहर. दुसरा, वस्तू दिसताच ‘अरे, ही तर घरात संपली आहे’ अशी आठवण होणे. तिसरा, वस्तू प्रथमच पाहून तिची गरज मनात उभी राहणे. आणि चौथा, काहीतरी घ्यायचेच असे ठरवून निघणे, पण काय ते दुकानावर सोपवणे. रोपवाटिकेत तिसऱ्या आणि चौथ्या प्रकाराची छान जोडी जमते. पहिला पाऊस पडला की शहरातली माणसे ‘काहीतरी हिरवे’ घ्यायचे म्हणून घराबाहेर पडतात, आणि काय घ्यायचे ते आमची पहिली रांग ठरवते.

या पहिल्या रांगेविषयी थोडे सांगायला हवे. मोह हा माणसाच्या स्वभावाचा दोष आहे, असे आपण सहज म्हणून जातो. पण मोह मांडलाही जातो, हे मला मांडणाऱ्यांच्या बाजूला उभी राहिल्यावर कळले. सकाळी आल्याबरोबर आमचे पहिले काम म्हणजे फुललेली रोपे उचलून पुढे आणणे. फूल गळले की ते रोप मागे जाते. पानांवर पाण्याचा फवारा मारायचा, पिवळे पान खुडून टाकायचे. डोक्यावर हिरवी जाळी असते, त्यामुळे ऊन बेताचे. खत वेळच्या वेळी. थोडक्यात, गिऱ्हाईक रोपाला पाहते तो त्या रोपाच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत चांगला दिवस असतो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलगी जशी दाखवतात, तसेच हे. पुढचा संसार कसा होईल, ते त्या साडीवरून कसे कळावे?

पॉइन्सेटियाचेच उदाहरण घ्या. हे झाड मूळचे मेक्सिकोचे. डिसेंबरात त्याची लालभडक रोपे पाहून माणसे अक्षरशः थबकतात. ज्याला आपण फूल समजतो ती खरे तर वरची पाने असतात. खरी फुले मध्यभागी, बारीक आणि पिवळी. ही पाने लाल होण्यासाठी झाडाला कित्येक आठवडे रोज मोठी, अखंड काळोखी रात्र लागते. गॅलरीत रात्री अकरापर्यंत दिवा जळत असेल, तर पुढल्या डिसेंबरात ते हिरवेच राहते. घरची मंडळी म्हणतात, “आपल्याला फसवले.” फसवले कोणीच नाही, पण सांगितलेही कोणी नाही.

आता माझ्या न सांगण्याची गोष्ट.

गेल्या जुलैत एक वयस्कर बाई आल्या. बोलण्यावरून निवृत्त शिक्षिका असाव्यात. एकट्याच राहतात असे बोलता बोलता समजले. पुढच्या रांगेतला गुलाबी गुलाब त्यांना फार आवडला. “बाळ, माझी गॅलरी उत्तरेला आहे. समोर दुसरी इमारत. टिकेल ना गं?” असे त्यांनी स्पष्ट विचारले. गुलाबाला दिवसाला पाच-सहा तास चांगले ऊन हवे, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी मी म्हणाले, “टिकेल की, आजी.” साठ रुपये घेतले, रोप कागदात गुंडाळून दिले.

दिवाळीच्या आधी त्या पुन्हा आल्या. तक्रार करायला नव्हे. अगदी अपराध्यासारखा चेहरा करून म्हणाल्या, “गेला गं तो. रोज दोन वेळा पाणी घालत होते. आमच्या हाताला गुणच नाही बघ.” सावलीतल्या कुंडीत रोज दोन वेळा पाणी! मातीतली हवा जाते, मुळे गुदमरून कुजतात. हे सारे जिभेवर आले होते. पण त्या दुसरा गुलाब निवडत होत्या आणि मालक चार पावलांवर उभे होते. मी पुन्हा कागद घेतला.

त्या रात्री आईला हे सांगितले. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “हात बरावाईट नसतो गं. जागा बरीवाईट असती.”

कॉलेजात आल्यापासून मी पुष्कळ मोठमोठी वाक्ये वहीत उतरवून घेतली. या वाक्याइतके कोणतेच मला लागले नाही. कारण हसण्याची सोय मलाही नव्हती. पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीचा हप्ता हाती आला तेव्हा शहरातल्या एका पुष्पप्रदर्शनात मी स्वतः अझेलियाचे रोप घेतले होते. थंड हवेचे, आम्लधर्मी माती मागणारे ते झाड! आमच्या चुनखडीच्या काळ्या मातीत आणि पत्र्याच्या घरापुढे ते एप्रिलही पाहू शकले नाही. रोपांतच वाढलेल्या मुलीची ही गत, मग त्या बाईंना काय बोल लावावा?

माझी आजी सांगते, पूर्वी गावात फुलझाड विकत घेणे कोणाला ठाऊकच नव्हते. शेजारणीच्या दारची मोगऱ्याची फांदी मागून आणायची. आणणारीने तो मोगरा दोन-तीन उन्हाळे पाहिलेला असे. तो कोठे उभा आहे, त्याला पाणी किती लागते, तो कधी रुसतो, हे सारे फांदीबरोबर फुकट येई. आज फांदीऐवजी पिशवी येते आणि माहिती मागेच राहते. मागायला जाण्यात जो वेळ जात असे, त्याच वेळात हौस आणि लहर यांची निवड होऊन जाई, असे मला वाटते.

यावर कोणी म्हणेल, “अगं, लोक लहरीने रोपे घेतात म्हणूनच तुझ्या आईच्या हाताला काम आहे. मेलेल्या गुलाबाच्या जागी दुसरा गुलाब खपतो. तू कोणाच्या पोटावर पाय देते आहेस?” हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे आणि तो खोटा नाही. परंतु त्याला दुसरीही बाजू आहे. दोनदा रोप मेले की बहुतेक माणसे तिसऱ्यांदा येत नाहीत. ‘आमच्या हाताला गुण नाही’ असे म्हणून ती कायमची थांबतात. शिवाय आईने महिनोन् महिने जपलेली पिशवी जेव्हा पंधरा दिवसांत कचऱ्यात जाते, तेव्हा तिचे कष्टही त्याबरोबर जातात. मजुरी मिळाली म्हणून कष्ट वाया गेले नाहीत, असे म्हणता येईल का?

जानेवारीत त्या बाई तिसऱ्यांदा आल्या. हात पुन्हा गुलाबाकडेच. या वेळी मी म्हणाले, “आजी, हात तुमचा चांगला आहे. तुमच्या गॅलरीत गुलाब जगायचा नाही.” त्या जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे जुलैत का नाही सांगितलंस?” मला उत्तर देता आले नाही. शेवटी त्या मनीप्लांटचे तीस रुपयांचे रोप घेऊन गेल्या. प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरची ही वेल. कमी उजेडात ती निभावून नेते. आठवड्यातून एकदोनदा, माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी, एवढे मी चिठ्ठीवर लिहून दिले.

मालकांनी ऐकले होते. “तुला विकायला उभी केलीय, का शिकवणी घ्यायला?” ते म्हणाले. आई पलीकडे पिशव्या भरत होती. तिने मान वर केली नाही. घरी येईपर्यंत आम्ही दोघी गप्प होतो. जेवताना मात्र ती म्हणाली, “खरं बोललीस ते बरं केलंस. पण मालकाला ऐकू जाईल असं बोलू नगंस.”

वाचकहो, रोपे घेऊच नका, असे मी कसे म्हणू? जरूर घ्या. फक्त निघण्यापूर्वी एकदा आपल्या खिडकीत उभे राहून पाहा, ऊन किती वाजता येते आणि किती वाजता जाते. ते कागदावर लिहून आणा आणि कागद आधी दाखवा, पसंती मागाहून सांगा. आणि विचारायचे असेल तर पुढच्या रांगेतल्या माझ्यासारखीला विचारू नका. मागे, जाळीखाली, हात मातीने भरलेली एखादी बाई बसलेली असेल, तिला विचारा. ती हळू आवाजात सांगेल. जरा जवळ जाऊन ऐका.