एक्सप्लेनर : कार्डावरचा ‘आहे’ येतो, मग पुस्तकातला ‘आले’ का अडतो?

नागपूर : तिसरीच्या मुलाने अनोळखी मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या वेगाने, समजून वाचावा, असे ‘निपुण भारत’ अभियानाचे लक्ष्य आहे. अभियान २०२१ मध्ये सुरू झाले. ‘असर २०२४’ पाहणीत मात्र ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते. म्हणजे सुधारणा आहे, पण चारातली तीन मुले अजून मागेच.

६० शब्द म्हणजे एका शब्दाला एक सेकंद. अक्षर जोडत बसलेले मूल वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरते. यावर ‘साईट वर्ड्स’ म्हणजे पाहताक्षणी ओळखायच्या शब्दांची कार्डे हा सोपा उपाय वाटतो. आणि गडबड इथेच होते.

यादी आली कुठून?

अमेरिकेतील एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ मध्ये अशा २२० इंग्रजी शब्दांची यादी केली. इंग्रजीत तिची गरज कळते. ‘सेड’ लिहायचा एस-ए-आय-डी असा! पण तिथेही शब्द फोटोसारखा लक्षात राहत नाही. अक्षर आणि आवाज यांची जोडी जुळली की तो डोक्यात पक्का बसतो, असे संशोधक लिनिया एहरी यांचे काम सांगते. ‘सेड’चा पहिला आणि शेवटचा आवाज नियमानेच येतो, अडतो फक्त मधला. सेमी इंग्रजीच्या मुलाला तेवढाच भाग वेगळा दाखवला तरी भागते.

मराठीत काय?

मराठी बरीचशी बोलतो तशीच लिहिली जाते. त्यामुळे अक्षरे आणि मात्रा पक्क्या नसताना शब्द घोकून घेणे म्हणजे पायाआधी स्लॅब टाकणे. अपवाद आहेतच. ‘जग जिंकले’ आणि ‘शंभर वर्षे जग’ यांतला ‘ज’ वेगळा. ‘सिंह’ लिहितो एक, म्हणतो दुसरेच.

नागपुरात आणखी एक पेच आहे. घरी ‘मले’, ‘हाये’, ‘नाई’ ऐकणाऱ्या मुलाला पुस्तकात ‘मला’, ‘आहे’, ‘नाही’ भेटतात. मूल ‘हाये’ वाचते तेव्हा त्याला अर्थ कळलेला असतो, त्याला चूक म्हणून दटावण्यात काही हशील नाही. घरी हिंदी बोलणाऱ्याचे दुखणे उलटे. त्याला ‘का’ आणि ‘तो’ फाडफाड वाचता येतात, पण हिंदीतला ‘का’ मराठीत प्रश्न विचारतो आणि ‘तो’ चक्क माणूस होतो. असे शब्द कार्डावर सुटे दाखवून उपयोग नाही, ते वाक्यातच हवेत.

मग करायचे काय?

आधी थोडी अक्षरे, एक-दोन मात्रा आणि त्यांतूनच बनणारे शब्द. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेच्या संस्थापक मॅक्सीन बर्नसन यांनीही वाचन शिकवताना असाच रस्ता धरला. त्यानंतर ‘आहे’, ‘आणि’, ‘नाही’, ‘पण’ असे सतत येणारे चार-पाच शब्द घ्यावेत. मुलाने ते आवाज सुटे करत वाचावेत, झाकून लिहावेत, मग छोट्या गोष्टीत शोधावेत. रोज दहा मिनिटे पुरतात, कार्डांचा महागडा संच लागत नाही.

नीट शिकवूनही महिनोन्‌महिने फरक पडत नसेल, तर डोळे आणि कान तपासून घ्यावेत, मग अध्ययन अक्षमतेची चाचणी करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. ‘लक्षच देत नाही’ हे निदान नव्हे.

पालकांना आज घरीच पाहता येईल. कागदावर ‘आहे’, ‘आले’, ‘आई’, ‘आता’ उलटसुलट लिहा. मूल ‘आ’ दिसताच सगळीकडे ‘आहे’ म्हणत असेल, तर कार्डे काही दिवस कपाटात ठेवा आणि मात्रांपासून सुरुवात करा.